सदाफुली लावताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सदाफुलीबद्दलच्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी पाणी असतं, आणि तेही कमी पडलेलं नव्हे, जास्त झालेलं. खालची उत्तरं महाराष्ट्र आणि गोव्याचं हवामान धरून दिली आहेत. कोकणातला पाऊस आणि मराठवाड्यातला पाऊस यांत मोठा फरक आहे, म्हणून गरज पडेल तिथे दोन्हीकडचं वेगळं सांगितलं आहे.

सदाफुली खरंच बारा महिने फुलते का?

फुलते, पण रोज किमान सहा तास थेट ऊन हवं, मुळाशी पाणी साचता कामा नये आणि कडाक्याची थंडी नको. हे झाड मूळचं मादागास्करचं; ऊन आणि कोरडेपणा त्याच्या अंगवळणी पडलेला आहे. आपल्याकडे फेब्रुवारी ते मे आणि पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ती सर्वांत जोमात असते. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये फुलं कमी होतात. निफाडसारख्या ठिकाणी रात्रीचा पारा १० अंशांखाली गेला की वाढ जवळपास थांबते, पानं फिकट पडतात. थंडी सरली की झाड आपोआप सावरतं.

फुलं नव्या फुटीवर, शेंड्याजवळच्या पानांच्या बेचक्यात येतात. नवी फूट नाही तर फूल नाही. छाटणी आणि खताबद्दल पुढे जे सांगितलं आहे ते सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

देशी सदाफुली घ्यावी की नर्सरीत ‘विंका’ म्हणून मिळते ती?

दोन्ही एकाच जातीची झाडं आहेत. ‘विंका’ हे जुन्या शास्त्रीय नावावरून टिकून राहिलेलं व्यापारी नाव. फरक पैदाशीचा आहे. देशी झाड दोन ते तीन फूट वाढतं. फूल गुलाबी, पांढरं किंवा लाल डोळ्याचं पांढरं असतं, आणि दुर्लक्ष झालं तरी ते तगून राहतं. संकरित रोपं फूटभर उंचीची, गच्च आणि मोठ्या फुलांची असतात. त्यांत लाल, नारिंगी, जांभळे असे रंग मिळतात, पण खत, निचरा आणि पावसापासून आडोसा यांची ती जास्त अपेक्षा ठेवतात. लोंबत्या कुंडीसाठी पसरणाऱ्या जाती मागून घ्याव्यात. ‘मेडिटेरेनियन’ ही त्यांतलीच. पावसाळ्यातल्या करप्याला तोंड देण्यासाठी ‘कोरा’ ही मालिका मुद्दाम तयार केलेली आहे, त्यामुळे कोकण, गोवा, मुंबई इथल्या लोकांनी महाग पडली तरी तिचा विचार करावा.

कुंपणालगत, पाण्याचा नळ नसलेल्या जागी किंवा गावच्या रिकाम्या घराच्या अंगणात लावायची असेल तर देशीच घ्या. तिथे संकरित रोप लावणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

कुंडी केवढी आणि मातीचं मिश्रण कसं?

एका संकरित रोपाला ८ इंची, देशीला १० ते १२ इंची कुंडी पुरते. मातीची कुंडी सर्वांत चांगली, कारण तिच्या अंगातूनही पाणी सुकतं. मोठ्या कुंडीत एकच छोटं रोप लावू नका. मुळं पोहोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते आणि कूज तिथून सुरू होते.

मिश्रण मापाच्या डब्याने घ्या: चार डबे लाल किंवा पोयट्याची माती, तीन डबे जाड वाळू किंवा विटांचा चुरा, दोन डबे पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि एक डबा कोकोपीट. वर कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. वाळू बांधकामाची जाड हवी. बारीक वाळू मातीच्या कणांत बसून निचरा आणखी बिघडवते. रोपवाटिकेतलं रोप बहुधा निव्वळ कोकोपीटमध्ये असतं. तो गोळा तसाच मातीत बसवला तर आतला भाग ओला आणि बाहेरची माती कोरडी अशी गत होते, म्हणून लावताना गोळ्याच्या कडा बोटांनी हलक्या मोकळ्या करा.

कुंडीच्या तळाशी खडीचा थर देण्याची पद्धत सर्रास आहे. तिचा उपयोग नाही. पाणी खडीत उतरण्याआधी वरच्या मातीत अडून राहतं, म्हणजे ओला पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर एक खापरी उपडी ठेवली की पुरे.

आमच्याकडे काळी माती आहे. चालेल का?

तशीच वापरली तर नाही. काळी माती पाणी धरून ठेवते, फुगते, आणि वाळताना भेगाळून मुळं तोडते. घमेलंभर वाळू मिसळून ती सुधारत नाही. जमिनीवर २० ते २५ सेंमी उंचीचा गादीवाफा करा. त्यात निम्मा मुरूम, बाकी माती आणि शेणखत. उंचीमुळे पावसाचं पाणी बाजूला निघून जातं आणि सदाफुलीला हवी तशी कोरडी मान मिळते. रोपाची मान, म्हणजे खोड आणि मूळ जिथे मिळतात तो भाग, मातीच्या पातळीच्या किंचित वरच राहू द्या. खोल पुरलेलं रोप पहिल्याच पावसाळ्यात जातं.

दोन देशी रोपांत ३० ते ४५ सेंमी आणि संकरितांत २० ते २५ सेंमी अंतर ठेवा. दाट लावलेला वाफा महिनाभर छान दिसतो, पण पुढे पानं वाळायला हवा मिळत नाही.

बियांपासून रोपं करताना उगवणच होत नाही. का?

बहुतेक वेळा उजेडामुळे. सदाफुलीचं बी अंधारात चांगलं उगवतं. प्रो-ट्रेमध्ये (रोपांसाठी लहान खण असलेल्या ट्रेमध्ये) किंवा पसरट भांड्यात ओलसर कोकोपीट भरा, बी पेरून अर्धा सेंमी थराने झाका, आणि वर वर्तमानपत्राच्या दोन घड्या किंवा पुठ्ठा ठेवा. २४ ते २७ अंश तापमानात ७ ते १५ दिवसांत कोंब दिसतात. दिसले की त्याच दिवशी झाकण काढून ट्रे उजेडात न्या; एक दिवस उशीर झाला तरी रोपं लांबट होतात.

दुसरं कारण थंडी. डिसेंबर-जानेवारीत पेरलेलं बी पडून राहतं. फेब्रुवारी-मार्च ही चांगली वेळ. हिवाळ्यात फुलं हवी असतील तर ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, आणि कोकणात पाऊस कमी झाल्यावरच.

उगवल्यानंतर झारीने वरून पाणी घालू नका. ट्रे पंधरा मिनिटं पाण्याच्या ताटात ठेवून खालून ओल चढू द्या, मग उचला. वरचा थर सतत ओला राहिला तर रोपं जमिनीलगत बारीक होऊन कोलमडतात. तीन-चार पानांच्या जोड्या आल्या की कुंडीत लावा. पेरणीपासून पहिल्या फुलापर्यंत साधारण तीन महिने धरा.

घरच्या झाडाचं बी कधी काढायचं?

फूल गळून पडल्यावर दोन बारीक लांब शेंगा उभ्या राहतात. हिरव्या शेंगा तोडल्या तर बी कच्चं निघतं, आणि पूर्ण वाळू दिल्या तर त्या फुटून बी सांडतं. शेंग पिवळसर तपकिरी झाली की तोडून कागदी पाकिटात वाळवा. रोज लक्ष देणं जमणार नसेल तर शेंगांवर मलमलच्या कापडाची छोटी पुरचुंडी बांधा. बी काळं आणि खसखशीपेक्षा थोडं मोठं असतं.

संकरित झाडाचं बी आईबापासारखं येत नाही. पुढच्या पिढीत उंची आणि रंग दोन्ही विस्कटतात. आवडलेला रंग जपायचा असेल तर काडी लावा.

काडी लावून येते का?

येते. फुलं नसलेला, कोवळा पण लिबलिबीत नसलेला ८ ते १० सेंमीचा शेंडा पेराच्या खाली कापा. खालची पानं काढा, वर दोन-तीन जोड्या ठेवा. कापावर आलेला दुधाळ चीक पाण्याने धुऊन पुसून घ्या. निम्मं कोकोपीट आणि निम्मी जाड वाळू यांत दोन पेरं आत जातील अशी खोचा. सावलीत ठेवा, मिश्रण ओलसर असू द्या, चिंब नको. दोन ते तीन आठवड्यांत मुळं धरतात. फेब्रुवारी-मार्च आणि ऑक्टोबर हे सोयीचे महिने. भर पावसात लावलेल्या काड्यांपैकी बऱ्याच कुजतात.

पाणी किती आणि कधी?

दिवस ठरवून पाणी देण्याची सवय सोडा. बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर पाणी नको. कोरडं लागलं तर तळाच्या भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत द्या. ८ इंची कुंडीला अर्धा ते पाऊण लिटर पुरतं. रोज कपभर पाणी शिंपडल्याने मुळं वरच राहतात आणि झाड कायमचं परावलंबी होतं.

ढोबळ अंदाज म्हणून: कुंडीला हिवाळ्यात तीन-चार दिवसांनी, उन्हाळ्यात गच्चीवर रोज सकाळी. जमिनीत मुरलेल्या देशी झाडाला उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा तीन-चार लिटर, इतर वेळी त्याहून कमी.

‘दुष्काळ सोसणारं झाड’ हे विशेषण जमिनीत मुरलेल्या झाडाला लागू पडतं. नवं रोप पहिले चार ते सहा आठवडे नियमित ओल मागतंच. कुंडीतलं झाड तर कधीच पूर्ण दुष्काळी होत नाही, कारण त्याच्या मुळांना खाली जायला जागाच नसते.

दुपारी पानं मिटल्यासारखी दिसतात. पाणी द्यायचं का?

लगेच नाही. कडक उन्हात पानं कडांनी वर वळतात आणि त्यामुळे कमी पाणी उडतं. संध्याकाळी किंवा सकाळी ती उघडली तर सगळं ठीक आहे. सकाळीही मिटलेलीच असतील आणि माती कोरडी असेल तर पाणी द्या. माती ओली असूनही झाड मलूल असेल तर मात्र मुळं कुजायला लागली आहेत. अशा वेळी दिलेलं पाणी शेवटचं ठरतं.

विदर्भात मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या प्लॅस्टिक कुंड्या इतक्या तापतात की मुळं भाजतात. कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवा आणि पश्चिमेकडची बाजू पोत्याने झाका. सदाफुलीला शेडनेटची गरज नाही, गरज कुंडीला सावलीची आहे.

खत कोणतं घालू?

देशी झाडाला वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि ऑक्टोबरमध्ये, दोन मुठी गांडूळखत. बस. संकरित झाडाला कुंडीत महिन्याला एक मूठ गांडूळखत, किंवा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात) हे विद्राव्य खत लिटरला २ ग्रॅम घेऊन दर पंधरा-वीस दिवसांनी ओल्या मातीत. युरिया घालू नका. नत्र जास्त झालं की झाड हिरवंगार, लुसलुशीत आणि बिनफुलांचं होतं, आणि त्या लुसलुशीत फुटीवर मावा व करपा आधी येतो. पावसाळ्यात खत पूर्ण बंद.

छाटणी करावी का? वाळलेली फुलं खुडावी लागतात का?

फुलं खुडायची गरज नाही. पाकळ्या आपोआप गळतात. शेंगा मात्र अधूनमधून काढल्या तर झाडाची ताकद बियांत जात नाही.

रोप चार ते सहा पानांच्या जोड्यांचं झालं की शेंडा खुडा. हे करायला मन धजत नाही, कारण तिथेच पहिली कळी दिसत असते, पण एका शेंड्याच्या जागी तीन-चार फांद्या येतात. मोठ्या झाडाची छाटणी ऑक्टोबरमध्ये, पाऊस संपल्यावर एक तृतीयांश, आणि फार उंच व बुडाशी उघडं झालं असेल तर फेब्रुवारीअखेर निम्म्यापर्यंत. प्रत्येक फांदीवर थोडी हिरवी पानं राहू द्या. निव्वळ जून लाकडावरून फूट येईलच असं नाही. जून ते सप्टेंबर कात्री लावू नका, ओल्या जखमांतून रोग आत शिरतो.

पानं पिवळी पडतात. कशाची कमतरता?

कोणती पानं, हे आधी पाहा.

खालची पानं पिवळी होऊन गळतात आणि माती ओली आहे: निचरा बिघडला आहे. पाणी थांबवा, कुंडी उचलून भोक बंद झालं आहे का ते बघा. मुळांनीच भोक बुजवलं असेल तर कुंडी बदला. रोप उपसून पाहिलं आणि मुळं पांढरी असतील तर कोरड्या मिश्रणात लावल्यावर ते वाचतं. मुळं तपकिरी असतील आणि साल बोटाने सुटून येत असेल तर वरच्या निरोगी काड्या काढून घ्या, बाकी फेकून द्या.

कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या: लोह मिळत नाही. मातीत लोह नसतं असं नाही, माती आणि पाणी चुनखडीयुक्त असल्यामुळे ते मुळांना उचलता येत नाही. बोअरवेलच्या जड पाण्यावर वाढलेल्या कुंड्यांत हे नेहमी दिसतं. सदाफुलीला सामू (pH, म्हणजे मातीच्या आम्लतेचं माप) ५.५ ते ६.५ च्या आसपास मानवतो. चिलेटेड फेरस (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) लिटरला अर्धा ते एक ग्रॅम घेऊन संध्याकाळी पानांवर फवारा, दहा दिवसांनी पुन्हा. पावसाचं पाणी साठवता आलं तर तेच सर्वांत स्वस्त औषध. अशा कुंडीत राख किंवा अंड्याची टरफलं घालू नका, त्यांनी सामू आणखी चढतो.

सगळं झाड फिकट आणि वाढ खुंटलेली: भूक. खत द्या. मात्र जानेवारीत थंडीमुळेही असंच दिसतं, तेव्हा महिनाभर थांबून मग ठरवा.

पावसाळ्यात धडधाकट झाड दोन दिवसांत मान टाकतं. हे काय?

हा फायटोफ्थोरा बुरशीचा करपा. पावसाच्या थेंबांबरोबर मातीतून उडालेले बीजाणू फांदीवर बसतात, फांदीवर काळपट तपकिरी ओला डाग पडतो आणि त्याच्यावरचा शेंडा झुकतो. बाकीचं झाड अजून फुललेलं असतं, त्यामुळे लोकांना वाटतं तहान लागली, आणि ते पाणी घालतात. डाग खोडाच्या मानेपर्यंत उतरला की झाड गेलं.

उपायांपेक्षा तयारी महत्त्वाची. मेअखेर कुंड्यांखालच्या ताटल्या काढा आणि कुंड्या दोन विटांवर ठेवा. पागोळ्यांखाली एकही कुंडी नको. पावसापेक्षा पागोळीची धार जास्त माती उडवते. जमिनीवर वाळलेल्या पानांचा किंवा भाताच्या तुसाचा पातळ थर द्या, पण खोडाला चिकटवू नका. लावणीच्या वेळी आणि मेअखेर कुजलेल्या शेणखतात ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) मिसळून बुडाशी द्या. कोकणात आणि मुंबईत संकरित कुंड्या जूनमध्येच छपराच्या कडेला, ऊन येईल पण पाऊस लागणार नाही अशा ठिकाणी हलवा.

रोग दिसल्यावर: झुकलेली फांदी डागाच्या चार बोटं खाली कोरड्या दिवशी कापा आणि कात्री स्पिरिटने पुसा. उरलेल्या झाडांवर कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला २.५ ग्रॅम फवारा. वाफ्यात पसरू लागलं असेल तर मेटॅलॅक्झिल व मॅन्कोझेबचं मिश्र बुरशीनाशक लिटरला २ ग्रॅम घेऊन बुडाशी ओता; हातमोजे घाला आणि लेबलवरची मात्रा वेगळी असेल तर तीच धरा. गेलेलं झाड कंपोस्टमध्ये टाकू नका, आणि त्या जागी त्याच वर्षी पुन्हा सदाफुली लावू नका.

फुलं हिरवी, पानांसारखी येऊ लागली आहेत. नवीन प्रकार आहे का?

नाही, आजार आहे. फायटोप्लाझ्मा नावाचा जिवाणूसारखा सूक्ष्मजीव झाडाच्या रसवाहिन्यांत शिरतो. पाकळ्यांऐवजी बारीक हिरवी पानं येतात आणि फांद्यांचा झुपका होतो. वांग्यावरचा पर्णगुच्छ याच जातकुळीतला. तुडतुडे रस शोषताना तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. सदाफुलीला हा रोग इतका सहज होतो की प्रयोगशाळांत फायटोप्लाझ्मा जपून ठेवायला हीच झाडं वापरतात. घरगुती इलाज नाही. झाड मुळासकट उपटून जाळा किंवा पिशवीत बांधून टाका, त्याच्या काड्या घेऊ नका. जवळ वांगी असतील तर ही रोगट सदाफुली आजच उपटा.

किडी कोणत्या येतात?

फार नाहीत, झाड कडू आहे. बेचक्यांत कापसासारखा पिठ्या ढेकूण, कोवळ्या शेंड्यावर मावा, उन्हाळ्यात पानांखाली लाल कोळी. लाल कोळ्याला पानांच्या खालून सकाळी पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. बाकीच्यांसाठी निंबोळी तेल ५ मिली, थोडा द्रव साबण आणि एक लिटर पाणी, आठवड्याच्या अंतराने दोनदा, संध्याकाळी. एका रात्रीत पानं फस्त झाली तर अंगावर निळे डोळे असलेली जाड हिरवी अळी शोधा. ती कण्हेरीवरच्या पतंगाची; तगर आणि सदाफुलीही खाते. एक-दोनच असतात, हाताने उचला.

मधुमेहासाठी रोज दोन पानं चावून खाल्ली तर चालतं का?

नाही. सदाफुलीत अनेक अल्कलॉइड (शरीरावर तीव्र परिणाम करणारी वनस्पतिजन्य रसायनं) असतात आणि पानात ती किती आहेत हे झाडागणिक बदलतं. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी १९५० च्या दशकात जमैकाहून आलेली ही पानं मधुमेहासाठीच तपासायला घेतली. उंदरांची साखर फारशी हलली नाही, पांढऱ्या पेशी मात्र घसरल्या. त्यातून व्हिनब्लास्टिन हे कर्करोगावरचं औषध हाती आलं, आणि याच झाडातून पुढे व्हिन्क्रिस्टिन. दोन्ही शुद्ध करून, मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली शिरेतून देतात. कच्चं पान चावणं म्हणजे ते औषध घेणं नव्हे, आणि साखरेच्या गोळ्या चालू असताना तर हा प्रयोग करूच नका.

लहान मुलं किंवा पाळीव कुत्रा पानं चघळत असेल तर कुंडी उंचावर ठेवा. शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत, म्हणूनच उघड्या कुंपणाला हे झाड टिकतं.

परदेशात, थंड प्रदेशात लावता येईल का?

उन्हाळी फूल म्हणून येईल. दव गोठतं तिथे ती हिवाळा काढत नाही. बी घरात, उबदार जागी, शेवटच्या हिमाच्या दहा-बारा आठवडे आधी पेरा आणि रात्री १५ अंशांच्या वर राहू लागल्या की मगच बाहेर लावा. गार ओल्या मातीत घाईने लावलेलं रोप पिवळं पडून बसतं आणि उन्हाळाभर मागे राहतं.

एक झाड किती वर्षं ठेवावं?

देशी दोन ते तीन वर्षं, संकरित साधारण दीड. त्यापुढे बुड लाकडी होतं, फुलं टोकांनाच येतात आणि छाटूनही आकार सुधारत नाही. दर ऑक्टोबरला प्रत्येक रंगाच्या तीन-चार काड्या लावून ठेवल्या तर जुनं झाड काढताना हळहळ वाटत नाही. देशी झाडाखाली तर बुडाशी पडलेल्या बियांतून रोपं येतातच. चार पानांची झाली की ओल्या मातीच्या गोळ्यासकट उचला. मोठी झाल्यावर उपटलेली मुळं तुटतात आणि रोप तग धरत नाही.